जिन्यात धूर आहे

"मॅडम, तुमी आतापर्यंत किती आगी इझवल्या?"

पहिल्याच तासाला, मी फळ्यावर आगीचा त्रिकोण काढत असताना, मागून हा प्रश्न आला. इंधन आणि हवा या दोन बाजू काढून झाल्या होत्या. उष्णतेची तिसरी बाजू जी वाकडी गेली ती गेलीच.

"कोण विचारतंय? प्रश्न उभं राहून विचारायचा," मी न वळता म्हणाले.

"उभीच हाय मी, मॅडम."

वळून पाहिलं तर खरंच उभी होती. दोन वेण्या, हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर असा भाव की हिच्यासारखी गरीब मुलगी अख्ख्या नववीत नाही. प्रणोती मेश्राम.

"आगी अशा मोजायच्या नसतात," मी म्हणाले.

"मंग कशा मोजतेत?"

वर्ग फिदीफिदी हसला. माझं डोकं तसं लवकर तापतं, आणि आमच्या खात्यात हा काही चांगला गुण मानत नाहीत. "चूप बसा रे पोट्ट्यांनो!" असं ओरडून मी वेळ मारून नेली आणि फळ्याकडे तोंड केलं. कारण खरं उत्तर एकदम सोपं होतं. एकही नाही.

मी नगरपरिषदेच्या अग्निशमन केंद्रात लागून तेव्हा तीन वर्षं होत आली होती. विदर्भातलं आमचं तालुक्याचं गाव, आजूबाजूला कापसाच्या जिनिंग गिरण्या, कडब्याच्या गंज्या, कुटाराचे म्हणजे भुशाचे ढीग. आगीला तोटा नाही. भरतीच्या वेळी मी सगळं पार पाडलं होतं. धावले, दोरावर चढले, वाळूचं पोतं खांद्यावर घेऊन शिडी उतरले. प्रशिक्षणात पाण्याची जाड होज धरली. आणि केंद्रात रुजू झाले त्या दिवशी साहेबांनी मला टेलिफोनसमोर बसवलं, ती मी तिथंच बसले.

आमच्या साहेबांचं आडनाव चिंचमलातपुरे. ते पूर्ण उच्चारेपर्यंत एखादी गंजी जळून जाते, म्हणून सगळे नुसतंच साहेब म्हणत. साहेब वाईट नव्हते, हीच माझी पंचाईत होती. वाईट असते तर भांडता आलं असतं. ते अगदी काकुळतीनं म्हणत, "नेवारे, रात्री-बेरात्री शेतशिवारात तुम्हाला कुठं नेऊ? कुठं पाय घसरला, काही लागलं, तर तुमच्या आईसमोर मी कोणत्या तोंडानं उभा राहू?" माझी आई तर मला रोज विचारायची, की बाई, तू गाडीवर कधी जाणार? शेजारणीला सांगून बसली होती ती. पण हे साहेबांना कोण सांगणार?

तर मी फोन घ्यायचे. वर्दी आली, म्हणजे आगीची खबर आली, की पत्ता विचारायचा, घंटा वाजवायची आणि फाटकातून गाडी बाहेर पडताना बघत राहायचं. गजाननभाऊ गाडीवर उभा राहून मला हात करायचा, "कुंदाबाई, च्या करून ठेवजा!" गजाननभाऊ आमच्या केंद्राचा सगळ्यात तगडा माणूस, आणि जीभही तशीच तगडी. मी चहा कधीच केला नाही, ही एक गोष्ट अभिमानानं सांगते.

शाळेचं पत्र आलं तेव्हा साहेबांना कोण आनंद झाला! नववीच्या मुलांना अग्निशमनाची प्राथमिक ओळख करून द्यायची, पंधरवडाभर, रोज एक तास. "नेवारे, हे काम तुमच्यासाठीच आहे," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, घ्या, आता फोनवरूनही हाकललं.

तर असा माझा त्या वर्गात प्रवेश झाला होता. मुलं मात्र झकास होती. त्रिकोण त्यांना पाच मिनिटांत कळला. कढईतलं तेल पेटलं तर काय कराल, असं विचारल्यावर अर्धा वर्ग "पानी!" ओरडला आणि मी डोक्याला हात लावला. मग झाकण ठेवून आग कशी गुदमरते ते दाखवलं, तर दुसऱ्या दिवशी तिघांच्या आया शाळेत हजर. पोरांनी घरी पोळ्या चालू असताना तव्यावर झाकणं ठेवून सराव केला होता. आग विझवायच्या लाल नळकांड्याची पिन काढायला सगळे एवढे उतावीळ, की मला ते रोज घरी घेऊन जावं लागायचं. रस्त्यानं लोक विचारायचे, मॅडम, सिलिंडर भेटलं काय?

हर्षल खोडे हा त्यांच्यातला सगळ्यात मोठा. उंचीनं मोठा, वजनानं त्याहून मोठा. बापाचं किराणा दुकान होतं आणि दुकानातला माल हा पहिला चाखायचा, असं सगळी पोरं म्हणत. तोही हसत हसत म्हणायचा. पटांगणात होजला पाणी सोडलं की पाण्याच्या धक्क्यानं बाकीची मुलं मागं मागं सरकायची. हर्षल मागं उभा राहिला की होज जागची हलायची नाही. त्या दिवसापासून पोरं त्याला खांब म्हणायला लागली आणि त्याची छाती आणखी रुंद झाली.

माझं बिंग फुटलं ते माझ्याच मूर्खपणानं. आमचा वर्ग मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून होता. एका दुपारी मी पेटत्या कपड्यांबद्दल सांगत होते. पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, वगैरे. मुलं लोळून दाखवत होती. एवढ्यात शेजारच्या खोलीत टेलिफोन वाजला. आणि मी, वाक्य अर्धं सोडून, ताठ उभी राहून, भिंतीकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "अग्निशमन केंद्र! पत्ता सांगा, जवळची खूण सांगा!"

लोळणारे लोळायचे थांबले. मग जो हशा उसळला तो मुख्याध्यापक बुरघाटे सर दारात येऊन उभे राहीपर्यंत थांबला नाही.

सर गेल्यावर प्रणोती उभी राहिली. ह्या वेळी हात मागे बांधलेले नव्हते.

"मॅडम, तुमी फोनवर बसता काय?"

"फोनवर नाही, खुर्चीवर बसते."

"म्हंजे आगीले जातच नाई?"

खोटं बोलायचा मला कंटाळा आला. "नाही जात," मी म्हणाले. "पाठवत नाहीत."

"काऊन?"

"बाई आहे म्हणून."

मला वाटलं, संपलं, आता ही पोरं माझं काही ऐकायची नाहीत. तेवढ्यात हर्षल बसल्या जागेवरून म्हणाला, "आमची माय तं रोज आगीपाशीच राह्यते. तिले कोनी फोनवर नाई बसवत."

त्यावर मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं, हेही खरं. त्यानंतर मुलांनी तो विषय काढला नाही, आणि मला वाटलं की विसरली.

शेवटच्या आठवड्यात अडकलेल्या माणसाची सुटका शिकवली. मी सांगितलं, "आगीत अडकलेला माणूस आधी घाबरलेला असतो, मग अडकलेला. त्याच्याजवळ गेलं की पहिलं त्याचं नाव विचारायचं, आपलं सांगायचं. आणि ज्यानं नाव विचारलं त्यानंच त्याला खालपर्यंत आणायचं. अर्ध्या शिडीवर माणूस बदलायचा नाही."

"आन् फायरवाल्यानं नावच नाई इचारलं तं?" हर्षलनं विचारलं.

"तर जाऊ नको त्याच्यासोबत," मी थट्टेनं म्हणाले. "सांग, आधी नाव विचार."

हे वाक्य मी बोलायला नको होतं, की बोलले तेच बरं झालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

समारोपाच्या दिवशी शाळेत प्रात्यक्षिक ठेवलं होतं. नगराध्यक्ष येणार, पालक येणार, आमची गाडी शिडीसकट येणार. साहेबांनी आदल्या दिवशी बैठक घेतली. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत पाच मुलं अडकली आहेत, जिन्यात धूर भरला आहे असं समजायचं, आणि गजानननं शिडीनं चढून एकाला खांद्यावर घेऊन खाली आणायचं. "मुलगा चांगला वजनदार घ्या," साहेब म्हणाले, "लोकांना वाटलं पाहिजे." म्हणून हर्षल. सुरक्षेचा दोर वगैरे सगळं ठरलं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचा आवाज चांगला आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही माईकवर."

त्या रात्री घरी मी आईशीही बोलले नाही. पोरांना शिकवलं मी, आणि त्यांच्यासमोर गजाननभाऊची तारीफ करायला माईक घेऊन उभी राहणार मीच! एकदा वाटलं, नोकरीच सोडावी. नाही सोडली, कारण घरात पगार माझाच होता.

सकाळी पटांगण भरलं. पुढच्या रांगेत नगराध्यक्ष, त्यांच्या शेजारी बुरघाटे सर. मागे मंडपात तर्री-पोह्यांचा वास सुटलेला. गॅलरीत माझी पाच मुलं, कठड्याला धरून, "वाचवा, वाचवा" असं ओरडत होती. इतकं झकास की दोन आया खरंच उठून उभ्या राहिल्या. मी माईकवर सांगितलं, "घाबरू नका, हे प्रात्यक्षिक आहे." खाली शिडी लागली. दोघांनी तिचे पाय दाबून धरले. गजाननभाऊ मिशीवर हात फिरवून चढला.

"आता आपले जवान गजानन ठोंबरे अडकलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचले आहेत," मी म्हणाले. "आता ते त्याला खांद्यावर घेतील."

गजाननभाऊनं कठड्यावरून पाय टाकला आणि खांदा पुढं केला. "चाल बे, ये."

हर्षल जागचा हलला नाही. उलट मागं सरकला आणि त्यानं कठड्याचा खांब दोन्ही हातांनी धरला. गजाननभाऊनं त्याच्या कमरेला हात घातला, तर त्यानं मान जोरजोरात हलवली. पटांगणात कुजबूज सुरू झाली.

आणि वरून प्रणोतीचा आवाज आला, माईकशिवाय साऱ्या पटांगणात पोचणारा.

"तो नाई येत! काकानं नावच नाई इचारलं! नाव इचारल्याबिगर जायचं नसते, मॅडमनं शिकोलं हाय!"

सगळे हसले. गजाननभाऊ ओशाळला. "बरं बाप्पा! काय नाव बे तुझं?"

"आता नाई चालत!" प्रणोती म्हणाली. "त्याचं नाव पयल्याच दिवशी मॅडमनं इचारलं होतं. ज्यानं नाव इचारलं तोच उतरवते! नेवारे मॅडमले पाठवा!"

बाकीच्या तिघांनी लगेच सूर धरला. "नेवारे मॅडम! नेवारे मॅडम!" मग खाली बसलेल्या नववीच्या वर्गानं. मग काय, सातवी-आठवीलाही ओरडायला निमित्तच पाहिजे होतं.

मी माईक हातात घेऊन उभी. माझ्या मनात एकच आलं: पोरांनी हे माझ्यासाठी केलं! गुपचूप ठरवून केलं! आनंदानं छाती भरून आली आणि त्याच क्षणी वाटलं, ही पोट्टी माझी नोकरी घालवणार.

साहेब माझ्याकडे आले. कान लाल झालेले. "हे तुम्ही शिकवलं?"

"नाव विचारायचं शिकवलं, साहेब. बाकीचं त्यांचं आहे."

साहेबांनी वर पाहिलं. गजाननभाऊ कठड्यावर अर्धा आत, अर्धा बाहेर, आणि हर्षल खांबाला चिकटलेला. नगराध्यक्ष घड्याळ बघत होते. "मग निस्तरा आता," साहेब म्हणाले.

मी माईक त्यांच्याच हातात दिला आणि गेले.

शिडीवर मी तीन वर्षांनी चढत होते. हात विसरले नव्हते. गजाननभाऊ आधी खाली उतरला तेव्हाच माझ्या कानाशी पुटपुटला होता, "कुंदाबाई, भल्लं वजन आहे त्याचं. झेपंल काय?" शंका मलाही तीच होती.

गॅलरीत पाय टाकला आणि हर्षलकडे पाहिलं. हसत असेल, डोळा मारेल, असं मला वाटलं होतं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मॅडम," तो एवढ्या हळू म्हणाला की मला वाकावं लागलं, "खाली पाह्यलं आन् मले कसंतरी होऊन राह्यलं. मी नाई उतरू शकत."

चेष्टा करता करता पोरगं खरंच घाबरलं होतं. शिडी आजवर त्यानं लावलेली पाहिली नव्हती. आमचा सगळा सराव जमिनीवर झाला होता. आता याला खांद्यावर टाकून न्यायचा म्हणजे डोकं खाली, पाय वर, आणि डोळ्यांसमोर तीच जमीन. अर्ध्या वाटेत यानं हिसका दिला असता तर दोराची परीक्षा झाली असती.

"नाव काय तुझं?" मी विचारलं.

"तुमाले माईत हाय नं."

"असू दे. सांग."

"हर्षल दिनकर खोडे."

"मी कुंदा नेवारे. मी तुला खाली नेते. खांद्यावर नाही घेत. तू तुझ्या पायांनी उतरायचं, शिडीकडे तोंड करून. मी तुझ्या मागे एक पायरी खाली. माझे दोन्ही हात तुझ्या दोन बाजूंनी. तुझा पाय सुटला तरी तू माझ्या गुडघ्यावर बसशील, खाली जाणार नाहीस. कळलं?"

खालून बुरघाटे सरांचा आवाज आला. "अहो मॅडम, नसलं जमत तर जिन्यानं आणा त्याला! जिना बाजूलाच आहे! पाहुण्यांचा नाश्ता थंड होऊन राहिलाय!"

जिना खरंच बाजूला होता. चार पावलांवर. पोरं त्यानंच चढून आली होती. हर्षलनं जिन्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मला दिसलं की तो जिन्यानं खाली गेला तर उद्यापासून खांब हे नाव पुसलं जाईल, आणि जे नवीन नाव पडेल ते दहावी होईस्तोवर निघायचं नाही. माझं काय होईल तेही दिसलं. पण खरं सांगते, त्या घटकेला माझं मला फारसं आठवत नव्हतं.

मी कठड्यावरून वाकून ओरडले, "नाही सर! जिन्यात धूर आहे!"

पटांगणात हशा झाला. बुरघाटे सर उठून उभे राहिले. "कुठला धूर? अहो, खेळ पुरे झाला आता..."

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. साहेबांचा आवाज, सावकाश, घोगरा. माईकवर बोलायची त्यांना सवय नव्हती.

"जिन्यात धूर आहे, सर. कृपया खाली बसा. नेवारे उतरवत आहेत. कोणी हसू नये. शांतता राखा."

बुरघाटे सर खाली बसले.

मी शिडीवर आले. हर्षलच्या कमरेला दोर बांधला, त्याचे हात धरून त्याला कठड्यावरून काढलं. तो शिडीला असा बिलगला की शिडी करकरली. माझ्या दोन हातांमध्ये तो मावत नव्हता, पण मावल्यासारखं केलं.

"दुकानात सगळ्यात वरच्या फळीवर काय असते रे?" मी त्याच्या कानाशी विचारलं.

"काय?"

"तुमच्या दुकानात. वरची फळी."

"अगरबत्ती. माचीस."

"एक पाय खाली घे. त्याच्या खालच्या फळीवर?"

"बिस्कुटं."

"हं. दुसरा पाय. खाली?"

"साबनं... च्यापत्ती..."

असे आम्ही दुकान उतरत गेलो. मधे एकदा त्याचा पाय सटकला आणि तो सगळाच्या सगळा माझ्या गुडघ्यावर बसला. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "बस, बस, निवांत बस," मी म्हणाले. दात आवळून बोलल्यामुळे तो शब्द नीट आला की नाही देव जाणे. मग तो पुन्हा उभा राहिला. तूरडाळ, पोहे, गूळ झाला. फार वेळ लागला. गजाननभाऊनं खांद्यावर टाकून चुटकीसरशी आणला असता.

"सगळ्यात खाली काय?"

"मिठाचं पोतं," हर्षल म्हणाला, आणि त्याचा पाय जमिनीला लागला.

टाळ्या पडल्या. फार नाही, अर्धे लोक नाश्त्याच्या मंडपाकडे निघाले होते. हर्षल दोन्ही हात वर करून वर्गाकडे असा धावला जणू यानंच मला उतरवलं. पोरांनी "खांब! खांब!" केलं. मी शिडीला टेकून उभी राहिले, कारण गुडघा माझं ऐकत नव्हता.

साहेब जवळ आले. शाबासकी वगैरे त्यांच्या स्वभावात नाही. "गुडघा मधे घातला होता तुम्ही," ते म्हणाले. "बरोबर होतं." आणि माईक परत माझ्या हातात देऊन पोहे खायला गेले.

दोन दिवसांनी, ऐन दुपारी, वर्दी आली. गावाबाहेर कुटाराचा ढीग पेटला होता. मी पत्ता विचारला, घंटा वाजवली, आणि वळते तर साहेब खुर्चीमागे उभे.

"उठा," ते म्हणाले. "फोन मी बघतो."

मला कळेना. त्यांनीच माझी टोपी खुंटीवरची काढून दिली. "जा लवकर. गाडी थांबायची नाही."

मी अशी धावले की पायातली एक चप्पल केंद्रातच राहिली. गाडीत बूट घातले. तो कुटाराचा ढीग म्हणजे काही मोठी आग नव्हती. धूर जास्त, जाळ कमी. पण होजचं तोंड माझ्या हातात होतं, आणि पाणी सुटलं तेव्हा मी रडले. डोळ्यांत धूर गेला असं म्हटलं, आणि सगळ्यांनी ते मानलं.

एकट्या गजाननभाऊनं मानलं नाही. त्या दिवसापासून त्यानं माझं नवं नाव पाडलं: वशिल्याची कुंदाबाई. "आमी घाम गाळून गाडीवर चढलो, ह्या नववीच्या पोट्ट्यांच्या वशिल्यानं चढल्या!" नवा भरती झालेला प्रत्येक माणूस पहिली ही गोष्ट ऐकायचा. जिनिंगची आग झाली, कापसाच्या गाठी उपसून काढत आम्ही रात्रंदिवस राबलो, पुढे मी त्याच केंद्राची प्रमुख झाले, तरी वशिला काही सुटला नाही. मी हसायचे. पण थट्टा ती थट्टा, आत कुठंतरी मला ते खरंच वाटायचं. पोरांना माझी कीव आली, त्यांनी माझ्यासाठी ओरडा केला, म्हणून मी गाडीवर. नाहीतर बसले असते फोन घेत. किवेनं मिळालेली जागा, ती कितीही वर्षं राखली तरी उसनीच वाटते.

गेल्या उन्हाळ्यात हर्षलचं लग्न झालं. आम्हा सगळ्यांना आग्रहाचं बोलावणं होतं. गजाननभाऊ आता निवृत्त, मिशा पांढऱ्या, पण पंगतीत माझ्या समोरच बसला. माझ्या शेजारी येऊन बसली ती प्रणोती. ती एसटीत कंडक्टर झाली होती आणि अख्ख्या बसला गप्प बसवायचा तिचा आवाज तसाच होता.

"पोट्टीनं वशिला लावला म्हणून आज ह्या साहेब झाल्या!" गजाननभाऊ तिला पाहताच म्हणाला.

मी हसले. मग म्हणाले, "खरं आहे, प्रणोती. तुझे उपकारच आहेत. त्या दिवशी तू माझं नाव घेतलं नसतं तर मी अजून फोनवरच बसले असते. मनात दया होती तुमच्या."

"कायची दया?"

"माझी. मला कोणी आगीला पाठवत नाही, म्हणून तुम्ही सगळ्यांनी ठरवून..."

ती घास घ्यायची थांबली. "आमी काईच ठरोलं नवतं, मॅडम. काका शिडी चढून राह्यले होते तवा हर्षलनं माहा हात धरला. लटलट कापून राह्यला होता. एवढा मोठा पोट्टा, साऱ्या शाळेपुढं रडला असता तं? मले काई सुचंना. म्हनून त्या नावाचं काईबाई बोलली, टाईम काढाले. मंग खाली पाह्यलं. सर होते, साहेब होते, नगराध्यक्ष होते. याले न हसता खाली कोन नेईन, असा इचार केला, आन् तुमाले बोलावलं."

"म्हणजे माझ्यासाठी नाही?"

"तुमच्यासाठी कायले? तुमच्या गाडीचं तं माह्या ध्यानातही नवतं तवा." ती जरा चिडलीच. "आमचा मानूस वर अडकला होता नं, बाप्पा! अडकल्यावर कोनीबी फायरवाल्यालेच बोलावते."

इतक्या वर्षांचं काहीतरी छातीतून सुटलं आणि डोळे भरून आले. ह्या वेळी धुराचं निमित्त सांगायची मला गरज वाटली नाही. मी समोर पाहिलं.

"ऐकलं का, गजाननभाऊ?"

गजाननभाऊनं हातातला जिलेबीचा तुकडा पानात परत ठेवला.

"ऐकलं," तो म्हणाला. "पण बाप्पा, ह्या वयात आता तुमाले चिडवाले मी दुसरं काय शोधू?"